नवा पूल किंवा मेट्रो मंजूर करण्याआधी सरकारने त्याची पारख कशी करावी?

माझ्या मते सगळ्यात आधी प्रवाशांचा अंदाज तपासावा. सल्लागार कंपनीला काम देणाऱ्यालाच प्रकल्प हवा असतो, मग आकडे फुगतात. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. डेन्मार्कचे संशोधक बेंट फ्लिव्बयर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 साली 14 देशांतले 210 प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासी अंदाजापेक्षा कमी निघाले. उपाय सोपा आहे: आधी झालेल्या तशाच प्रकल्पांत प्रत्यक्षात काय घडलं ते बघा आणि अंदाज तेवढा खाली आणा. ब्रिटनमध्ये खर्चाचा अंदाज असाच मुद्दाम वाढवून धरतात.

दुसरं म्हणजे वेळापत्रक. नवी मुंबईतली बेलापूर ते पेंधर ही 11 किलोमीटरची मेट्रो. काम 2011 मध्ये सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर 2023 मध्ये. मधल्या बारा वर्षांत तळोजा, खारघरच्या लोकांनी रिक्षा आणि दुचाकीवर दिवस काढले. फायद्याच्या हिशोबात ही वर्षं धरायलाच हवीत.

आणि प्रवास दारापासून दारापर्यंत मोजा. ठाण्यात घोडबंदर रोडवर उड्डाणपुलावर वाचलेली पाच मिनिटं खाली उतरल्यावर सिग्नलच्या रांगेत जातात, हे मी रोज बसमधून बघतो. कागदावर मात्र पुलावरचीच पाच मिनिटं दिसतात. बसथांब्यापर्यंतचा फूटपाथ, रिक्षाची रांग, पावसातलं चालणं कुणी मोजतच नाही.

प्रकल्प सुरू झाल्यावर एका आणि पाच वर्षांनी अंदाज व प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी छापून, मराठीत, जाहीर करा. पुढचा अहवाल लिहिणारा आपोआप जपून लिहील.