यादवी देवगिरीची नव्हे, आणि स्पेनमधले राष्ट्रवादी बारामतीचे नव्हेत

विचारणा अशी आहे की सिव्हिल वॉरला मराठीत यादवी म्हणायचं का गृहयुद्ध, यादवी हा शब्द देवगिरीच्या यादवांवरून आलाय का, आणि अमेरिकेत किंवा स्पेनमध्ये जे दोन गट लढले त्यांना मराठीत काय म्हणायचं.

आधी देवगिरीचं मिटवून टाकतो. हा समज बऱ्याच जणांचा असतो, शाळेत असताना माझाही होता, कारण इतिहासाच्या पुस्तकात यादव म्हणजे रामदेवराय एवढंच डोक्यात बसलेलं. पण अल्लाउद्दीन १२९६ ला देवगिरीवर चालून आला ते बाहेरचं आक्रमण, त्याला यादवी कोण म्हणेल? यादवीतले यादव द्वारकेचे, कृष्णाच्या कुळातले, आणि गोष्ट महाभारताच्या मौसल पर्वातली, म्हणजे सोळाव्या. भारतीय युद्धाला छत्तीस वर्षं झालीयेत, सगळे प्रभास तीर्थावर जमलेत, दारू चाललीये, आणि सात्यकी कृतवर्म्याला टोमणा मारतो की झोपलेल्या माणसांना मारणारा तू कसला क्षत्रिय. कृतवर्मा म्हणतो, आणि हात तुटलेल्या, प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला बसलेल्या भूरिश्रव्याला तू मारलंस ते काय होतं? झालं, सात्यकीने कृतवर्म्याचं मुंडकं उडवलं, मग बाकीच्यांनी सात्यकीला जेवणाच्या उष्ट्या भांड्यांनी बडवून मारला (हो, उष्ट्या भांड्यांनी, कीर्तनात हे सहसा सांगत नाहीत), आणि पुढे लव्हाळी उपटली त्यांची मुसळं झाली, बाप लेकाला ओळखेना.

आता बघा, सात्यकी कुरुक्षेत्रावर पांडवांकडून लढलेला आणि कृतवर्मा कौरवांकडून. म्हणजे भांडण छत्तीस वर्षांपूर्वीच्या युद्धात कोण चुकीचं वागलं याचंच होतं! आणि कुरुक्षेत्र हेसुद्धा भावाभावांचंच युद्ध होतं की, मग शब्द 'कौरवी' का नाही झाला? मला वाटतं कारण तिथे एक बाजू जिंकली, नावाला का होईना. प्रभासला कोणीच जिंकलं नाही, तिथे बाजूच उरल्या नाहीत. यादवी शब्दात ही छटा आहे, घरातलेच लढले आणि घरच बुडालं. गृहयुद्धात ती नाही, तो कोरडा बातमीचा शब्द आहे, सीरिया किंवा सुदानसाठी ठीक. शाहू महाराज १७०७ ला सुटून आल्यावर त्यांच्यात आणि त्यांच्या चुलती ताराराणींच्यात जे पेटलं, त्याला मात्र मी यादवीच म्हणेन. खेडच्या लढाईत ताराराणींनी पाठवलेले धनाजी जाधवच शाहूंकडे गेले, आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा-कोल्हापूर अशा दोन गाद्या पक्क्या झाल्या. भाऊबंदकी हा वेगळा शब्द, ती तलवार न काढताही तीन पिढ्या चालते.

काहीजण 'नागरी युद्ध' लिहितात ते कृपा करून नको. मूळ लॅटिनमध्ये तो शब्द नागरिकांचाच आहे हे बरोबर, सीझर विरुद्ध पाँपी, रोमन विरुद्ध रोमन. पण मराठीत नागरी म्हटलं की नागरी सुविधा, नागरी बँक. त्याच न्यायाने सिव्हिल कोर्ट दिवाणी म्हणून सिव्हिल वॉरला दिवाणी युद्ध म्हणा, निदान बांधावरून चाललेली आपली भांडणं तरी त्यात बसतील.

खरी गंमत बाजूंच्या नावांत आहे. स्पेनमध्ये १९३६ ते ३९ जे झालं त्यात फ्रँकोचे ते नॅशनॅलिस्ट आणि सरकारच्या बाजूचे रिपब्लिकन, आता हे सरळ मराठीत आणलं तर 'राष्ट्रवादी विरुद्ध रिपब्लिकन' होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं महापालिकेची निवडणूक आहे. अमेरिकेतही तेच, उत्तरेच्या बाजूला युनियन लिहिलं की गिरणी कामगार आठवतात, आणि संघ लिहिलं तर काय आठवतं ते सांगायला नको. म्हणून मी सरळ उत्तरवाले आणि दक्षिणवाले लिहितो, आणि स्पेनसाठी फ्रँकोवाले आणि प्रजासत्ताकवाले.

पण हेही लक्षात ठेवा की ही नावं ज्याची त्याची असतात. फ्रँकोवाले समोरच्यांना सरसकट लाल म्हणायचे आणि स्वतःच्या लढाईला धर्मयुद्ध, समोरचे त्यांना फॅसिस्ट म्हणायचे. इंग्लंडात १६४२ ला राजा आणि पार्लमेंट भिडले तेव्हा कॅव्हेलियर आणि राउंडहेड, दोन्ही मुळात शिव्याच, एक छाकटे सरदार आणि दुसरे केस कापलेले बोडके. राजावाल्यांनी पुढे कॅव्हेलियर मिरवायला घेतलं ते सोडा. अमेरिकेत तर लढायांची नावंसुद्धा दोन दोन, १८६१ ची पहिली मोठी लढाई उत्तरवाल्यांच्या लेखी बुल रन, तिथल्या ओढ्यावरून, आणि दक्षिणवाल्यांच्या लेखी मनासस, जवळच्या गावावरून. अख्ख्या युद्धाला उत्तरेच्या सरकारी कागदांत बंड म्हटलंय, दक्षिणेत पुढे 'राज्याराज्यांमधलं युद्ध' हे नाव चालवलं, म्हणजे आम्ही बंडखोर नाहीच. आपल्याला हे कळायला लांब जायला नको, १८५७ ला बंड म्हणता का उठाव का स्वातंत्र्यसमर यावरून माणूस ओळखता येतो. यादवी शब्दाचा हा एक फायदा, तो कोणालाच बंडखोर ठरवत नाही.

आणि स्पेनच्याच युद्धाने आपल्याला एक शब्द दिलाय. माद्रिदवर चार फौजा चालून येतायत आणि पाचवी शहराच्या आतच आहे, असं फ्रँकोच्या बाजूचा जनरल मोला म्हणाल्याचं सांगतात, त्यावरून फिफ्थ कॉलम, आणि कॉलम म्हणजे इथे फौजेची रांग, पण आपल्याकडे कोणीतरी त्याचा खांब केला आणि पंचमस्तंभी झालं. अग्रलेखांत अजून भेटतो. घरभेदी असा चांगला शब्द घरात असताना हा खांब कशाला उभा केला, देव जाणे.