पैलवानाचं वजन आणि एनडीएचा तक्ता

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा आहे. उंची १७० सेंमी, वजन ७० किलो. लहानपणापासून तालमीत जातो, पोट अजिबात नाही. तरी एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) मेडिकलला वजनावरून बाद होईल, असं क्लासमध्ये सांगतात. खुराक कमी करायचा का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात नको. १७० सेंमी उंचीला १७ ते २० या वयोगटात तक्त्यातलं कमाल वजन ६३.६ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२. मुलगा त्याच्या बराच वर आहे. पण कुस्ती, बॉक्सिंग, शरीरसौष्ठव करणाऱ्या पिळदार उमेदवारांचा अपवाद म्हणून विचार होतो. त्यासाठी बीएमआय २५ पेक्षा कमी, मुलांची कंबर ९० सेंमीच्या आत, कंबर भागिले नितंब ०.९ पेक्षा कमी आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, हे सगळं एकदम जुळावं लागतं. चालू अधिसूचनेत हे आकडे पडताळून घ्या. ७० किलोला बीएमआय २४.२ येतो, म्हणजे तो बसतो. ७२ किलोंच्या पुढे मात्र अंगावर चरबी नसली तरी ही वाट बंद. बीएमआयला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, त्यामुळे ही अट आम्हाला जाचक वाटते.

कंबर घरी मोजताना बहुतेक जण टेप पँटच्या पट्ट्यावर लावतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सहज सोडून मोजा. नितंब सर्वांत रुंद भागावर मोजा. कंबर ८४ आणि नितंब ९६ असतील तर ०.८७५, ठीक. कुस्तीची प्रमाणपत्रं फाइलमध्ये हवीतच, कारण खेळाचा कागदोपत्री पुरावा मागतात.

घात होतो तो शेवटच्या आठवड्यात. कुस्तीच्या वजनगटासाठी पाणी तोडतात तसं इथे करू नका. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम तपासायचा घटक) वाढलेलं दिसतं. आदल्या दोन-चार दिवसांत जोर-बैठकांचा मारा केला तर यकृताची एन्झाइम्स वाढतात, लघवीत प्रथिनं उतरतात, आणि निरोगी मुलगा रिपोर्टवर आजारी ठरतो. मेहनत आठवडाभर आधीच हलकी करा.

प्रश्न : पळण्यात सरस असलेल्याला वजनावरून अडवणं योग्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. १९४२ मध्येच अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी अमेरिकी फुटबॉल खेळणाऱ्या २५ व्यावसायिक खेळाडूंची शरीरघनता पाण्याखाली वजन करून तपासली होती. वजनाच्या निकषावर त्यातले १७ जण सैन्यासाठी अपात्र ठरत होते, पण जास्तीचं वजन मुख्यतः स्नायूंचं होतं. अमेरिकी भूदलाने २०२३ मध्ये फिटनेस चाचणीत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्या सैनिकांना चरबीच्या मोजणीतून सूट दिली. ही सोय सेवेतल्या सैनिकांसाठी होती. एनडीएच्या निवडीत लेखी परीक्षा, एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत) आणि मेडिकल आहे, धावण्याला वेगळे गुण नाहीत. अशी सूट इथे आणायची तर आधी तशी चाचणी सुरू करावी लागेल, आणि ती व्हावी असं आम्हाला मनापासून वाटतं.