बंद गॅस स्टेशनच्या शेजारी घर घ्यावं का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत हंटरडन काउंटीत घर बघतोय, तिथे गावचं नळाचं पाणी नाही, घराची स्वतःची बोअरवेल आहे. कोपऱ्यावर पूर्वी गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, टाक्यासुद्धा काढल्यात म्हणे. पण त्या जागेत अजून गोल लोखंडी झाकणं आहेत आणि दर तीन महिन्यांनी कोणीतरी व्हॅनमधून येऊन पाणी काढून नेतं. एजंट म्हणतो सगळं क्लीन आहे. पाण्याला वास तर नाही. सासूबाई म्हणतात उकळून पिऊ. काय करावं?

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा, उकळायचं नाही. उकळून जंतू मरतात, पण पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी रसायन वाफेबरोबर उडून स्वयंपाकघरातल्या हवेत येतं, गरम पाण्याच्या शॉवरमध्येसुद्धा तेच होतं. आणि वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका. न्यू जर्सीत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे (केंद्राची ५), आणि नाकाला कळेपर्यंत आकडा त्याच्या शेकडो पट झालेला असतो.

ती झाकणं म्हणजे मॉनिटरिंग वेल्स, भूजलाचे नमुने तपासायला घेण्यासाठी पाडलेल्या बारीक विहिरी. मी बरीच वर्षं असं सॅम्पलिंग केलंय. पाणी ४० मिलीच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचं, झाकण लावून बाटली उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारून बघायचं, एक जरी बुडबुडा वर आला तरी ती टाकून नवीन भरायची, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जातं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो. व्हॅन अजून येतेय म्हणजे फाइल बंद झालेली नाही, एवढं नक्की.

टाक्या काढल्या तरी काम का संपत नाही? पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, गळालं की झिरपत जाऊन भूजलावर तरंगतं. पाण्याची पातळी पावसाळी वर, उन्हाळ्यात खाली, आणि तेवढ्या उंचीची सगळी माती पेट्रोलने माखून जाते. पंप लावून पाणी उपसलं, कार्बनमधून गाळलं की आकडे झपाट्याने उतरतात आणि सगळ्यांना वाटतं झालं. मी एका जागेवर उन्हाळ्यात पंप बंद झालेला बघितलाय, सगळे खूश होते. वसंतात पाणी चढलं, त्या माखलेल्या मातीला लागलं आणि बेंझीन परत वर. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, कारण शेजारच्यांना आम्हीच धीर दिला होता. म्हणून पाण्याबरोबर माती साफ करावीच लागते, व्हॅक्यूमने वाफ ओढून किंवा पाण्याखालून हवा सोडून, म्हणजे मातीतल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळतो आणि ते उरलेलं बेंझीन खातात.

तुमच्या भागात बऱ्याच ठिकाणी खाली लाल शेल खडक आहे, पाणी भेगांतून धावतं. आपल्या काळ्या पाषाणात नाही का, एका विहिरीला झरा लागतो आणि शेजारची कोरडी, तसंच. त्यामुळे नुसतं अंतर मोजू नका. पाणी कुठल्या दिशेने जातंय ते बघा.

साइट सांभाळणाऱ्या एलएसआरपीचे (साफसफाईवर देखरेख करणाऱ्या परवानाधारक तज्ज्ञाचे) रिपोर्ट राज्याच्या पर्यावरण खात्याकडून ओप्रा अर्ज (आपल्या माहिती अधिकारासारखा) करून मागवा. क्लासिफिकेशन एक्सेप्शन एरियाचा, म्हणजे भूजल दूषित असल्याची नोंद झालेल्या भागाचा नकाशा मागा, घर त्यात किंवा त्याच्या कडेला येतं का बघा. निदान दोन वर्षांचे, सगळ्या ऋतूंतले आकडे बघा, आणि पंप बंद केल्यानंतरचे आहेत का ते विचारा. घरविक्रीच्या वेळी खासगी बोअरची टेस्ट कायद्याने करावीच लागते, त्यात बेंझीन येतं, एमटीबीई आहे का तेही बघून घ्या. हे रसायन पूर्वी पेट्रोलमध्ये घालायचे, ते पाण्यात सहज विरघळतं आणि लांब जातं, १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला याच्यामुळेच आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या होत्या.

रिपोर्ट हातात येईपर्यंत सही करू नका, एजंट कितीही घाई करू दे.

प्रश्न : आमच्या साताऱ्याकडच्या विहिरीवर इंद्रधनुषी तवंग येतो, जवळ बंद पेट्रोल पंप आहे. पेट्रोलच असेल का?

उत्तर : काडीने तवंग हलवून बघा. त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे पडून वेगळेच राहिले तर बहुतेक लोहाच्या बॅक्टेरियांचा आहे. लगेच परत एक झाला तर तेलाचा धरा, पाणी पिणं आणि मोटर दोन्ही थांबवा, जवळ काडी पेटवू नका, आणि ग्रामपंचायतीला व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून पोच घ्या.