चॅपलची दफननोंद शोधताना

इंग्लंडमधल्या पूर्वजाची दफननोंद शोधताना चॅपलच्या (प्रार्थनाघराच्या) वहीत नाव सापडलं नाही म्हणून लगेच हात टेकू नका. तिथल्या बऱ्याच जुन्या नॉनकन्फॉर्मिस्ट (अधिकृत अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या पंथांच्या) चॅपलना स्वतःची दफनभूमीच नव्हती. बाप्तिस्मा चॅपलमध्ये, दफन मात्र गावच्या पॅरिश चर्चच्या (गावच्या अधिकृत अँग्लिकन चर्चच्या) आवारात, असं सर्रास चालायचं. तेव्हा आधी पॅरिशची वही बघा. १७५४ ते १८३७ मधलं लग्नही तिथंच मिळेल. लग्न पॅरिश चर्चमध्येच करायच्या सक्तीतून सूट फक्त क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यूंना होती.

१८३७ च्या सुमारास सरकारनं चॅपलच्या वह्या मागवून घेतल्या. त्यातल्या बहुतेक आता लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, 'आरजी ४' या मालिकेत आहेत. घराणं लंडनचं असेल तर बनहिल फील्ड्स या नॉनकन्फॉर्मिस्टांच्या दफनभूमीची वही चुकवू नका. लेखक डॅनियल डिफो, कवी विल्यम ब्लेक तिथंच पुरलेले. १८५४ मध्ये तिथली दफनं थांबली.

तारखा उतरवताना मात्र मी स्वतः फसलोय. १७५२ पूर्वी तिकडे साल २५ मार्चला बदलायचं. वहीतला 'फेब्रुवारी १७२०' म्हणजे आपला १७२१. एक बाई नोव्हेंबरात बाळंत झालेली आणि त्याच सालच्या फेब्रुवारीत पुरलेली! दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो.