लाळ्या खुरकूत: लस टोचूनही रोग का येतो?

लाळ्या खुरकुताच्या लसीबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना लस टोचली. तरी जानेवारीत तीन कालवडींच्या तोंडात फोड आले. गावातला विषाणू लसीतल्या विषाणूपेक्षा वेगळा असेल का? (बारामती तालुका)

असू शकतो. पण तुमच्याकडे फक्त कालवडीच आजारी पडल्या, गाई नाहीत. त्यामुळे माझा पहिला संशय वेगळा आहे. कालवडींना सप्टेंबरची लस आयुष्यातली पहिलीच होती का? पहिल्या लसीनंतर साधारण महिन्याभरात दुसरी मात्रा द्यावी लागते. ती चुकली तर आलेली प्रतिकारशक्ती लवकर उतरते. लस २ ते ८ अंशांतच राहिली होती का, हेही विचारा. उन्हात तापलेल्या बाटलीत विषाणूचे अख्खे कण फुटतात, आणि फुटलेल्या कणांपासून फारसे संरक्षण मिळत नाही. ओ प्रकार याबाबतीत विशेष नाजूक आहे. गोठलेली लसही टाकून द्यावी.

आता वेगळेपणाबद्दल. या विषाणूचे सात प्रकार आहेत: ओ, ए, सी, एशिया १ आणि सॅट १, २, ३. एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया १ फिरतात, म्हणून आपली लस या तिघांविरुद्ध असते. सी प्रकार भारतात १९९५ नंतर आढळलेला नाही.

प्रश्न: लसीतला एक विषाणू १९७५ सालचा आहे असे वाचले. एवढ्या जुन्या विषाणूची लस आज कशी चालते? (संगमनेर)

प्रश्न रास्त आहे. ओ प्रकारासाठी वापरला जाणारा आर२ हा विषाणू १९७५ चा, एशिया १ चा तर १९७२ चा. पण विषाणू किती जुना, यावरून लसीचा निकाल लागत नाही. विषाणूच्या बाहेरच्या कवचावरच्या ज्या जागा प्रतिपिंडे पकडतात, त्या किती बदलल्या हे पाहायचे असते. त्यासाठी लस दिलेल्या जनावराचा रक्तद्रव घेतात. तो गावात सापडलेल्या विषाणूला किती रोखतो, याचे लसीतल्या विषाणूला किती रोखतो याच्याशी गुणोत्तर काढतात. त्याला आर-वन म्हणतात. ते ०.३ किंवा त्याहून जास्त आले तर जुळणी समाधानकारक मानली जाते. त्याहून कमी आले तरी लस अगदीच निकामी ठरत नाही. जास्त ताकदीची लस आणि वेळेवर दिलेली दुसरी मात्रा यांनी बरीच कसर भरून निघते.

ओ प्रकारात नवे वंश येतच असतात. भारतीय उपखंडातला इंड-२००१ हा वंश २०१३ मध्ये थेट लिबियापर्यंत पोहोचला. तरीही आर२ ची लस ओ प्रकारातल्या बऱ्याच वंशांना रोखते, म्हणून आर२ लसीत टिकून आहे. खरी डोकेदुखी ए प्रकाराची. त्याच्या कवचातल्या एका प्रथिनात ५९ व्या जागेवरचे अमिनो आम्लच गळालेला एक गट भारतात निर्माण झाला. ए साठीचा जुना लस-विषाणू बदलून २००० सालचा घ्यावा लागला, तो या प्रकाराच्या अशा बदलत्या स्वभावामुळेच.

प्रश्न: मग दर वर्षी ताजा विषाणू घेऊनच लस का बनवत नाहीत?

गावातून आणलेला प्रत्येक विषाणू कारखान्यातल्या पेशींवर भरपूर वाढत नाही. वाढला तरी निष्क्रिय करताना आणि साठवताना त्याचे कण अख्खे राहतीलच असे नाही. शिवाय ताजा विषाणू कधीकधी स्वतःपुरतेच संरक्षण देतो, भावंडांपासून नाही. अशी अदलाबदल मला परवडणारी वाटत नाही.

प्रश्न: आम्ही बैल घेऊन ऊसतोडीला जातो. लस कधी घ्यावी? (पाथर्डी)

निघण्याआधी किमान तीन आठवडे. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन्ही मात्रा गावातच पूर्ण करा. कारखान्याच्या तळावर अनेक जिल्ह्यांतले बैल एकत्र येतात, आणि त्यांच्याबरोबर ठिकठिकाणचे विषाणूही. कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहून जवळ ठेवा. सहा महिने तिकडेच उलटले तर पुढची लस तिथल्या दवाखान्यातून घ्या.

प्रश्न: आफ्रिकेतले सॅट प्रकार इकडे आले तर?

आपल्या लसीत ते नाहीत, त्यामुळे तिचा उपयोग होणार नाही. २०२५ मध्ये सॅट १ इराक आणि बहारीनपर्यंत आला, म्हणून ही काळजी अनाठायी नाही. तो आलाच, तर लवकर ओळखणे नमुन्यांवरच अवलंबून राहील.

प्रश्न: डॉक्टर फोडाची साल कापून घेऊन गेले. तिचे काय करतात? (करमाळा)

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. जुळणीचे सगळे काम त्या सालीवर चालते. ती प्रयोगशाळेत जाते, विषाणूचा प्रकार ठरतो. त्यातून विषाणू जिवंत हाती लागला, तर लसीशी जुळणी तपासता येते. लस घेतलेले जनावर आजारी पडले तर त्याचा नमुना सर्वांत मोलाचा. नेमकी हीच प्रकरणे लोक दडवतात, बाजार बंद होईल किंवा दूध नाकारले जाईल या भीतीने. ती भीती मला समजते. पण नमुना गेला नाही तर लस बदलायला हवी की नको, हे कोणालाच सांगता येणार नाही.

फोड आल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांतली, न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल लागते, निदान एक ग्रॅम. हा विषाणू आम्लात आणि तीव्र अल्कलीत टिकत नाही. तेव्हा आधी दवाखान्यात फोन करा, नमुना घेऊ द्या, आणि मगच सोड्याच्या किंवा पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या, खताच्या नव्हे) सौम्य पाण्याने जनावराचे तोंड धुवा.