वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : ‘सवय झाली आहे’ असे म्हणण्यापूर्वी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. त्यांतील चार पत्रांत एकच वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात आले आहे : ‘आता सवय झाली आहे.’ कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा ते ऐकेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : माझे वडील ५६ वर्षांचे असून इचलकरंजीत ३० वर्षे यंत्रमागावर काम करतात. बारा तासांची पाळी असते, एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. आवाजाची आपल्याला सवय झाली आहे, असे ते म्हणतात. घरी मात्र टीव्ही फार मोठ्याने लावतात. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी त्यांची तक्रार आहे, आणि नातीचे बोलणे तर त्यांना मुळीच कळत नाही. हे वयामुळे होत असेल का?

उत्तर : छप्पन्न हे वय यासाठी लहान आहे. धोट्याच्या साध्या मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. आवाजाची पातळी ८५ डेसिबल असेल, तर दिवसाला आठ तासांपर्यंत कानाला धोका कमी मानला जातो, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. आपल्या वडिलांनी या आवाजात रोज बारा तास काढले आहेत.

आतल्या कानाच्या शंखाकृती भागात केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी जन्मतः असतात. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. मोठ्या आवाजाचा मारा बसला की उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खाच दिसते. भाषेत अ, आ, इ अशा स्वरांचा भाग खालच्या पट्टीत आणि जोरकस असतो. शब्दाचा अर्थ ठरवणारी स, श, त, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात. त्यामुळे माणूस बोलतो आहे हे कळते, पण तो ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे कळत नाही. नातीचा आवाज मुळातच बारीक, म्हणून तो सर्वांत आधी हरवला. टीव्ही मोठा केल्याने खालचे स्वर अधिक मोठे होतात, गेलेली व्यंजने परत येत नाहीत.

आता सवयीविषयी. मन आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकते, हे खरे आहे. मागावरची माणसे ओठांच्या हालचालींवरून आणि खुणांवरून बोलणे समजून घेतात आणि त्यात निष्णात होतात. पेशींना मात्र दुर्लक्ष करता येत नाही. पूर्वी त्रास देणारा आवाज आता त्रास देत नसेल, तर तो ऐकण्याची क्षमताच कमी झाली आहे, ही शक्यता आधी तपासावी. झोपेचेही असेच आहे. माग घरालगत असेल, तर रात्रीच्या आवाजाने जाग येणे काही आठवड्यांनी कमी होते, पण आवाज वाढताक्षणी नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढण्याची प्रतिक्रिया फारशी कमी होत नाही. माणूस उठत नाही, एवढेच. त्यात दर आठवड्याला पाळी उलटते आणि शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी जुळण्याच्या आतच ती पुन्हा बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले आणि २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मी हे वडिलांना घाबरवण्यासाठी सांगत नाही. पाळी निदान तीन-चार आठवड्यांनी बदलता येते का, हे मालकांशी बोलण्यासाठी हाताशी काहीतरी असावे, म्हणून सांगतो.

पुढचे पाऊल म्हणजे ऑडिओमेट्री, म्हणजेच श्रवण-तपासणी. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या कोणत्याही कान-नाक-घसा विभागात ती करून घ्यावी आणि आलेखाची प्रत जपून ठेवावी. आवाजामुळे आलेला बहिरेपणा हा कामगारांच्या भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे, तेव्हा हा कागद उद्या कामाला येऊ शकतो. तपासणीत दोष आढळला तर श्रवणयंत्र लांबणीवर टाकू नये. वर्षानुवर्षे ज्या ध्वनींशी मेंदूचा संबंध सुटलेला असतो, ते पुन्हा ओळखणे त्याला जड जाते, आणि श्रवणयंत्र पेटीत पडून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत मध्यम वयातील बहिरेपणा आहे. खर्चाची अडचण असल्यास दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत यंत्र मोफत किंवा सवलतीत मिळते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग या राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत त्याची माहिती मिळेल. उरलेले ऐकणे वाचवण्यासाठी त्यांनी कामावर फोमचे इअरप्लग आजपासून वापरावेत. कापसाचा बोळा हा त्याला पर्याय नाही, त्याने आवाज जेमतेम अडतो.

प्रश्न : मी २१ वर्षांची असून पुण्यातील एका पथकात दोन वर्षे ताशा वाजवते. सरावानंतर कानात सूं असा आवाज येतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पूर्ववत होते. आमच्यातल्या सगळ्यांनाच असे होते, त्यामुळे सवय झाली आहे. यात काळजीचे काही आहे का?

उत्तर : आहे. आपला उत्साह मला मनापासून आवडतो, आणि वादन सोडावे असे मी सुचवणार नाही. परंतु ‘सगळ्यांनाच होते’ याचा अर्थ सगळ्यांच्याच कानांना इजा होते आहे, एवढाच निघतो.

मोठ्या आवाजानंतर कानात गुंजन येणे आणि कान बधिर वाटणे, ही पेशी दमल्याची खूण आहे. त्या सावरतात, श्रवण-तपासणीचा आलेखही पूर्ववत येतो, आणि म्हणून पूर्वी आम्ही डॉक्टरही निर्धास्त राहत असू. अमेरिकेत बॉस्टन येथील दोन संशोधकांनी २००९ साली उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की आलेख पूर्ववत झाल्यावरही केसपेशींना श्रवणनसेशी जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसात याचे प्रमाण मोजणे अवघड आहे, पण शांत खोलीत नीट ऐकू येणाऱ्या तरुणांना गर्दीत बोलणे का कळत नाही, याचे एक संभाव्य कारण म्हणून त्याकडे पाहिले जाते.

पथकात आवाज १०० डेसिबलच्या सहज वर जातो, आणि ताशाचा आवाज तर आपल्या कानापासून हातभर अंतरावर, तीव्र आणि उंच पट्टीतला असतो. वर दिलेला हिशेब लावला, तर दोन तासांचा एक सराव कानाच्या आठवड्याभराच्या मर्यादेपेक्षाही जास्त भरतो. वादकांसाठीचे असे इअरप्लग मिळतात, जे सर्व पट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करतात. त्यांतून ठेका आणि टोल स्पष्ट ऐकू येतात. ते न मिळाल्यास फोमचे वापरावेत : प्लग बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. बहुतेकांचे इअरप्लग निकामी ठरतात ते केवळ अर्धवट बसवल्यामुळे. सराव आणि स्थिर (एका जागी उभे राहून केलेले) वादन यांत मोकळ्या जागी पंधरा-वीस मिनिटे थांबावे, आणि त्या रात्री इअरफोन लावून झोपू नये, कारण दमलेल्या पेशींना त्या वेळी शांतताच हवी असते. गुंजन चोवीस तासांत थांबले नाही, तर तपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. अशा बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत सुरू केलेले उपचारच सर्वांत उपयोगी पडतात.

प्रश्न : वय ६८, निवृत्त शिक्षिका, अकोला. रात्री नऊला झोपते आणि पहाटे तीनला जाग येते, मग झोपच लागत नाही. दुपारी दोन तास पडते. संध्याकाळी सात वाजता चहा घेते, पण चहाची सवय असल्याने त्याचा त्रास होत नाही. झोपेची गोळी घ्यावी का?

उत्तर : बाई, आपणच दिलेल्या आकड्यांची बेरीज करू. रात्रीचे सहा तास आणि दुपारचे दोन, म्हणजे आठ तास झोप होते आहे. प्रौढांना सात तासांच्या आसपास झोप पुरते, तेव्हा आपली झोप कमी नाही, तिची वेळ सरकली आहे. गोळी हा त्यावरचा उपाय नव्हे. या वयात गोळीमुळे रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा धोका मला अधिक गंभीर वाटतो. आधीपासून गोळी चालू असेल, तर ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांना विचारून कमी करावी.

दुपारची झोप वीस मिनिटांवर आणावी. जुन्या लोकांची वामकुक्षी म्हणजे जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणे होते, पडदे ओढून काढलेली झोप नव्हे. रात्री दहा-साडेदहापूर्वी अंथरुणावर जाऊ नये आणि संध्याकाळी उजेडात चालून यावे. उतरत्या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, त्याला संध्याकाळचा उजेड थोडे मागे ओढतो. चहातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातच्या चहाचा अर्धा भाग मध्यरात्रीही अंगात असतो. चहा घेऊनही झोप लागते, हे अनेकांच्या बाबतीत खरे आहे. ती उथळ होते, हे मात्र त्यांना कळत नाही. पंधरा दिवस शेवटचा चहा दुपारी तीन वाजता घेऊन पाहावा.

प्रश्न : माझे पती (वय ४६) कल्याणहून पहाटेची लोकल पकडतात आणि गाडीत बसल्याबरोबर झोपतात. रात्री ढाराढूर झोपून मोठ्याने घोरतात. आम्हा सर्वांना त्याची सवय झाली आहे. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असूनही तो आटोक्यात येत नाही. घोरण्याशी याचा संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो, आणि आपण तो ओळखलात याचे मला समाधान वाटते. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नाही. घोरताना मध्येच सगळे शांत होते का, आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेतला जातो का, हे आज रात्री लक्ष देऊन ऐकावे आणि शक्य झाल्यास मोबाइलवर चित्रित करावे. त्या शांततेत घशाचा मार्ग मिटून श्वास थांबलेला असतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून शरीराला जागे करतो. रात्रभर असे होत राहिले, तर रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. ते गाडीत झोपतात ते लवकर उठल्यामुळेही असेल. पण सुटीच्या दिवशी भरपूर झोपूनही दुपारी डोळे मिटत असतील, तर निद्रा-तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार (स्लीप ॲप्निया) निघाल्यास रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र उपयोगी पडते. वजन घटवणे, कुशीवर झोपणे आणि रात्रीचे मद्य टाळणे हेही उपचाराचेच भाग आहेत. तोवर त्यांना लांबच्या प्रवासात गाडी चालवू देऊ नये.

प्रश्न : आमचे बाळ दीड महिन्याचे आहे. अंघोळीपूर्वी कानात तेल घालावे, असा सासूबाईंचा आग्रह असतो. घालावे का?

उत्तर : घालू नये. कान स्वतःची सफाई स्वतः करतो. तेलाने मळ फुगतो, धूळ चिकटते आणि बुरशीला ओलावा मिळतो. अंगाला मालीश खुशाल करावे आणि कानाच्या पाळीमागे बोट फिरवावे, सासूबाईंचे मनही राहील. कापसाच्या काड्याही आत घालू नयेत. त्याऐवजी बाळाची जन्मानंतरची श्रवण-तपासणी झाली आहे का, हे पाहावे. ती पहिल्या महिन्यात व्हावयाची असते, दोषाचे निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहा महिन्यांपर्यंत. झाली नसल्यास याच आठवड्यात करून घ्यावी. दार आपटल्यावर बाळ दचकते, एवढ्यावर विसंबू नये, कारण कमी ऐकू येणारे बाळही मोठ्या आवाजाने दचकू शकते.