नोट्स छान आहेत, पण पेपरात आठवत नाही

प्रश्न : ताई, मी दहावीला आहे, मराठी मिडियम. माझ्या नोट्स वर्गात सगळ्यात भारी असतात, चार रंगांचे पेन, हायलायटर सगळं वापरते, मैत्रिणी झेरॉक्स काढून नेतात. पण घटक चाचणीत प्रकाशाच्या अपवर्तनावर प्रश्न आला तेव्हा मला वहीचं ते पान डोळ्यासमोर दिसत होतं आणि उत्तर काही आठवेना. माझ्याच नोट्स वापरणाऱ्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. खूप रडू आलं. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अगं, रडू येणं साहजिक आहे, एवढं राबून हातात काही नाही म्हटल्यावर कोणालाही येईल. पण तुझी मेहनत कमी पडत नाहीये, ती सगळी लिहिण्यात आणि सजवण्यात संपतेय. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवताना हात चालतो, डोक्याला फार काम नसतं, आणि नंतर तेच पान परत परत वाचलं की ओळखीचं वाटायला लागतं आणि आपल्याला वाटतं, येतंय की सगळं. ओळखीचं वाटणं वेगळं आणि समोर काही नसताना आठवणं वेगळं, परीक्षेत ते न बघता आठवणंच लागतं.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे वाचल्यावर लगेच जो कॉन्फिडन्स येतो ना, तो फसवा असतो, आणि आपला पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

मैत्रिणीला एकदा विचार की तू त्या झेरॉक्सचं काय करतेस, मला वाटतं ती पान झाकून स्वतःला प्रश्न विचारत असेल.

आता करायचं काय, तर वही तीच ठेव, फक्त उजव्या पानावर लिही आणि डावं पान कोरं सोड, प्रयोगवहीत आकृतीसाठी सोडतो तसं. वर्गात बाई शिकवतात ते उजवीकडे, तुझ्या शब्दांत, तुटक चालेल, वाक्यं पूर्ण करत बसू नकोस. त्याच संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं देऊन डाव्या पानावर फक्त प्रश्न लिहायचे, बोर्ड विचारतो त्याच भाषेत, शास्त्रीय कारणे लिहा, फरक स्पष्ट करा असे. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच, एका बाजूला नोट्स आणि दुसऱ्या बाजूला त्यावरचे प्रश्न.

तुझंच अपवर्तन घेऊ. डावीकडे लिही, ‘तारे लुकलुकतात, ग्रह का लुकलुकत नाहीत?’ उजवं पान झाक आणि कच्च्या कागदावर उत्तर लिही. हवेचा अपवर्तनांक सतत थोडा थोडा बदलतो हे आठवेल, तारा फार लांब म्हणून बिंदूसारखा दिसतो हेही येईल, आणि ग्रहापाशी अडशील. अडलीस की लगेच पान उघडू नकोस, दोन मिनिटं डोकं खाजव, मग बघ. ग्रह त्या मानाने जवळ आहेत, ते अनेक बिंदूंचा समूह असल्यासारखे असतात, एका बिंदूचं तेज कमी झालं तरी दुसऱ्याचं वाढतं आणि एकूण सरासरी तेवढीच राहते. अडून मग सापडलेलं हे उत्तर बघ कसं लक्षात राहतं. जिथे अडलीस त्या प्रश्नावर फुली मार, तीन दिवसांनी आधी फुल्यांचे प्रश्न, मग आठवड्याने परत. एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने होतं, म्हणून पहिली उजळणी लवकर पाहिजे.

रंगीत पेन टाकून देऊ नकोस, तुला आवडतात तर आकृत्यांसाठी वापर, किरणाकृतीत आपाती किरण एका रंगाने आणि अपवर्तित दुसऱ्या रंगाने काढला तर खरंच उपयोग होतो. फक्त नोट्स फेअर करायला परत सगळ्या लिहून काढणं आजपासून बंद.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. शाळेच्या नोट्स, क्लासच्या नोट्स आणि वर डायजेस्ट, तिन्ही वाचता वाचता रात्रीचे बारा वाजतात. रोज किती तास अभ्यास हवा?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तासांचा आकडा मी मुद्दामच देत नाहीये, कारण तो दिला की घरात तेवढे तास मोजणं सुरू होतं. तिन्हीकडे धडा तोच आहे, पुस्तक बालभारतीचंच. त्याला पाठ्यपुस्तक आणि एकच वही ठेवू द्या, वर साताऱ्याच्या मुलीला सांगितली तशी, उजवीकडे नोट्स आणि डावीकडे प्रश्न, क्लासमध्ये काही नवीन सांगितलं तर ते त्याच वहीत घालायचं. डायजेस्ट उत्तर लिहून झाल्यावर तपासायला, आधी उघडायचं नाही. आणि बारापर्यंत जागवू नका प्लीज, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच. तुम्हाला मदत करायची असेल तर संध्याकाळी त्याची वही हातात घेऊन डाव्या पानावरचे पाच प्रश्न विचारा, तुम्हाला विषय यायची गरज नाही, उत्तर उजवीकडे लिहिलेलंच असतं. चुकला तर ओरडू नका एवढंच, नाहीतर तो वही द्यायचा बंद होईल.

प्रश्न : भूमितीच्या नोट्स कशा काढायच्या? प्रमेयं पाठ करतो पण विसरतो.
– विद्यार्थी, नांदेड

उत्तर : भूमितीला नोट्स कमी आणि कोरे कागद जास्त लागतात रे. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता घे, आधी आकृती काढ, काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाक, आणि स्वतःला विचार की आता कोणते त्रिकोण समरूप झाले आणि का. ते ‘का’ कंसात लिहायची सवय लाव, पायऱ्यांना मार्क असतात. मधेच अडलास तर फक्त पुढची एक ओळ बघून पुस्तक बंद कर. आणि एकाच प्रकारची वीस गणितं सलग सोडवू नकोस, समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती यांची मिसळून घे, कारण पेपरात गणितावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं, कुठलं प्रमेय वापरायचं ते तुलाच ओळखायचंय. चुकलेल्या गणितांची वेगळी वही कर, त्यात नेमकी कुठली पायरी चुकली ते एका ओळीत लिही, आणि रविवारी त्यातलीच गणितं उत्तर न बघता परत सोडव.